ताईंचा प्रश्न

"जबरदस्तीनं शिवून घेतलेला कपडा विकत घेऊ नका," असं परदेशी व्यापाऱ्यांच्या दारात ओरडून ओरडून ताईंचा घसा कायमचा बसला होता. अखेर व्यापाराच्या नियमांत तसं कलम आलं. आज त्या स्वतःच एका शिलाई कारखान्यात तपासणीला आल्या होत्या. विचारायचा प्रश्नही त्यांनीच सुचवलेला.

"इथं काम जबरदस्तीनं करता की आपखुशीनं?"

"आपखुशीनं, ताई." मशीनवरची एकेक बाई मान वर न करता सांगत होती.

"आमच्याकडे सगळं घरच्यासारखं असतं हो," मुकादम मागून म्हणाला. ताईंनाही हायसं वाटलं. इतक्या वर्षांच्या धडपडीचं चीज झालं म्हणायचं.

शेवटच्या मशीनवर काजं करणारी बाई परमुलखातून नुकतीच आणलेली होती. तिच्या बोटाला चिंधी गुंडाळली होती आणि चिंधीतून रक्त पाझरत होतं. ते बघून ताई आपला प्रश्न विसरल्या. खाली वाकून त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"अगं, हे कसं झालं?"

तिनं आधी मुकादमाकडे बघितलं.

 

"आपखुशीनं, ताई."