दाढेतला सेल

"बघ, ईराची चढाई!" नीलेश ओरडला, आणि नेमकं तेव्हाच प्रणिताला ऐकू येईनासं झालं.

दहाव्या वर्षी तापात तिचे कान गेले होते. त्यानंतर स्वतःचा आवाजही तिने ऐकला नव्हता. कालच तिच्या कानात पहिल्यांदा यंत्र आणि दाढेत त्याचा सेल बसवला होता. जस्ताची पट्टी, तांब्याची पट्टी आणि मधे तिची लाळ. लाळेत जस्त झिजायचं आणि वीज वाहायची. पण लेकीचा अंतिम सामना बरोबरीत होता, शेवटची चढाई होती आणि प्रणिताच्या तोंडाला कोरड पडली होती. ती घटाघटा पाणी प्यायली. नुसत्या पाण्यातून कसली वीज!

तिच्या नवऱ्याच्या, नीलेशच्या, ते लक्षात आलं. त्याने डब्यातली कैरीची फोड तिखटमिठात बुडवली आणि तिच्याकडे बघत स्वतःच मिटक्या मारत चोखली.

प्रणिताच्या तोंडाला पाणी सुटलं. कानात खरखर झाली आणि गोंगाटातून ईराचा दम आला, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

तिघींच्या हातांतून निसटून ईराने मध्यरेषेवर झेप घेतली. त्याच क्षणी कुणीतरी भसाड्या आवाजात किंचाळलं. कोण ते बघायला प्रणिता मागे वळली.

सगळे तिच्याकडेच बघत होते.