मिलिंदचा हात

"गुरुजी, हे असं चालायचं न्हाई. पुन्हा वाजवा."

रामकिसन हवालदारानं कपाळावर हात मारून घेतला. तातेराव गुरुजींनी तारयंत्राच्या पितळी खटक्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा तेच केलं. अक्षरातला शेवटचा लांब ठोका, 'डा', नको तितका लांबवला आणि पुढच्या अक्षराआधी उगाच दम खाल्ला.

"बिलकुल फेल करतील तुम्हाला!"

रामकिसन फौजेच्या वायरलेसमधून निवृत्त झालेला. अंबडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. जमेल त्या रविवारी एसटीनं गुरुजींच्या गावी टेंभुर्णीला यायचा, त्यांच्या बायकोच्या, केशरबाईंच्या हातची भाकरी हाणायचा आणि शिव्या सोडून बाकी सगळं गुरुजींना ऐकवायचा. सगळा खटाटोप कशासाठी, तर हौशी रेडिओच्या परवान्यासाठी. परीक्षा पास व्हायची, दिल्लीहून परवाना आणायचा, मग घरच्या यंत्रावरून जगातल्या कुठल्याही हौशी माणसाला तारेच्या भाषेत साद घालायची.

गावाला हे नवंच होतं. शाळामास्तरानं उतारवयात दुर्बीण घेतली असती तरी लोकांनी समजून घेतलं असतं. पण हे कानाला डबडी लावून टुकटुक? पोरगं गेलं तशी अक्कलबी गेली, असं पारावर बोललं जायचं. गुरुजींच्या कानावर यायचं ते. वाईट वाटायचं, पण ते कुणाला उत्तर द्यायला गेले नाहीत.

पोरगं म्हणजे मिलिंद. फौजेत वायरलेसवर होता. एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. मेला असं सरकारनं कधी म्हटलं नाही आणि जिवंत आहे असंही नाही. दोन्ही देशांचे कैदी सुटले, आपापल्या घरी गेले; त्यांत मिलिंद नव्हता. केशरबाईंनी रडून घेतलं. गुरुजी मात्र रडले नाहीत. मेल्याची खबर नाही तोवर रडायचं कशाला, असा त्यांचा हिशेब.

"ही खोड तुम्हाला लावली तरी कुणी?" रामकिसननं त्या दिवशी विचारलंच.

"मिलिंदनं," गुरुजी म्हणाले. "शेवटच्या सुटीला आल्ता तेव्हा ताटावर चमचा वाजवून मला शिकवायचा. तो असाच वाजवायचा. मी बराबर तसंच उचललं."

रामकिसनचा आवाज एकदम खाली आला. "हां. हात हाय त्याचा. आम्ही वायरलेसवाले एकमेकांना नावानं न्हाई, हातानंच ओळखतो गुरुजी. लांबून माणसाची चाल ओळखू येते ना, तसं."

"म्हणूनच सोडत न्हाई. तो कुठंबी असू दे. कुठल्या जेलात, कुठल्या परमुलखात. वायरलेसचा माणूस हाय, एक ना एक दिवस कान लावंलच. माझा हात बदलला, तर बाप त्याला ओळखू यायचा कसा?"

रामकिसन भाकरी न खाताच उठला.

पहिल्या परीक्षेत गुरुजी सपशेल आपटले. दुसऱ्या खेपेला त्यांनी परीक्षकापुढं शहाण्या पोरासारखं सरळ वाजवलं, पास झाले, आणि घरी येऊन पुन्हा आपल्या मूळ खोडीवर आले. परवान्याआधी पोलीस चौकशीला आला. "गुरुजी, दुश्मनाशी तर बोलणार न्हाई ना?" म्हणत चहा पिऊन गेला. मग रामकिसननं भंगारातल्या फौजी सामानातून यंत्र उभं केलं आणि लिंबाच्या झाडावरून तार ओढली.

पहिलं उत्तर मद्रासहून आलं. गुरुजींना स्वतःचं नावसुद्धा धड वाजवता येईना. पुढं कोलंबो आलं, कुवेत आलं. लोक हवापाणी सांगायचे, आपापल्या यंत्राचं कौतुक करायचे आणि निरोप घ्यायचे. केशरबाई दारातून रोज एकच विचारायच्या, "लागला का?" आणि गुरुजी मान हलवायचे.

एका रविवारी दुपार कलताना इंग्लंडहून एक बारीक हाक आली. गुरुजींनी उत्तर दिलं. पलीकडचा खटका थांबला. इतका वेळ थांबला, की गुरुजींना वाटलं, गेला हा.

मग हळूहळू इंग्रजी अक्षरं आली. गुरुजी पाटीवर उतरवू लागले.

'तुमचा हात मी ओळखतो.'

"केशर!" गुरुजी ओरडले. केशरबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या. "लागला!"

'कोण तुम्ही?' गुरुजींनी वाजवलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

'नाव कळून उपयोग नाही. आता इंग्लंडात असतो. एकाहत्तरला पलीकडच्या फौजेत होतो. रोज तुम्हाला ऐकायचो. तुमचा वायरलेस कुठं आहे ते हुडकून आमच्या तोफांना सांगायचं, हे माझं काम. एका सकाळी मी सांगितलं. तुमचा हात अर्ध्या अक्षरात तुटला.'

पाटी भरली. गुरुजींनी ती पुसली नाही. पुढचं जमिनीवरच लिहिलं.

'तेव्हापासून मला झोप नाही. बायको म्हणते, वेड लागलंय. घरात खटका घेतला तो याचसाठी, कधीतरी तो हात पुन्हा ऐकू यावा म्हणून. आज आला. तुम्हीच ना ते? खुदासाठी सांगा. वाचलात ना?'

"काय म्हणतो?" केशरबाईंनी खांदा हलवला. "अवो, बोला की. जिता हाय ना माझा मिलिंद?"

गुरुजींनी कानावरची डबडी काढली. बायकोकडं बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. केशरबाई भिंतीला धरून खाली बसल्या. तिकडं तो माणूस पुन्हा पुन्हा तेच विचारत होता.

मग तातेराव गुरुजींनी खटका जवळ ओढला आणि वाजवलं, 'हो, मीच तो. वाचलो मी. आता सुखानं झोपा.'