पुराव्याचा फोटो

"मॅडम, नग्नता आहे. फोटोच आहे आमच्याकडे," लॅपटॉपमधला माणूस म्हणाला आणि चहाचा मग उचलून त्याने निवांत घोट घेतला.

गेम विकणाऱ्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचा तो तपासनीस. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्याच्यासमोर दोघी बहिणी बसल्या होत्या. गेम धाकटीने बनवला होता. थोरली हॉस्पिटलात नर्स, ती रात्रपाळी करून आली ती न झोपताच इथे बसली होती. काल विक्रीला लागलेला गेम आज सकाळी दुकानातून गायब झाला होता. कारण काय, तर अश्लील. आणि हा व्हिडिओ कॉल म्हणजे म्हणे अपील!

गेमचं नाव 'कोमट पाणी'. अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीचं अंग पुसून द्यायचं, एवढाच खेळ. रुमाल भिजवायचा, पिळायचा. आधी तोंड, मग एक हात, मग दुसरा. जेवढं पुसायचं तेवढ्यावरचीच चादर बाजूला करायची आणि पुसून झालं की लगेच पांघरायची. हे सगळं थोरलीने शिकवलेलं. धाकटीने तिला समोर बसवून बारीकसारीक विचारून घेतलं होतं.

"अश्लील?" धाकटी उसळली. "तुमच्या दुकानात आज पहिल्या पानावर काय आहे ते बघितलंत का? करवतीने मुंडकी उडवायची आणि पुरेशी उडवली की बक्षीस म्हणून एक बाई कपडे उतरवते. ते बरं चालतं तुम्हाला!"

"त्याला वयाची अट आहे, मॅडम."

"मग आम्हालाही घाला अट."

"तुमचं जरा वेगळं आहे. म्हातारं शरीर, आजारपण... ग्राहकांना अस्वस्थ वाटू शकतं."

घ्या! मुंडकं उडताना बघून ज्यांना गुदगुल्या होतात, त्यांना म्हातारीचा खांदा बघून अस्वस्थ वाटणार.

आतल्या खोलीतून हाक आली, "काय म्हणतायत गं? आवडला का त्यांना?"

आई होती. ती गेल्या पावसाळ्यापासून झोपूनच आहे. गेममधल्या म्हातारीचा चेहरा तिचा, आवाजही तिचाच. धाकटीने विचारलं तेव्हा ती आधी लाजली, मग हसली आणि म्हणाली, "घे माझा चेहरा. पण कुणी मला उघडं टाकलेलं चालायचं नाही, सांगून ठेवते." म्हणून तर धाकटीने तो नियम घातला. गरजेपेक्षा जास्त चादर ओढली की म्हातारी डोळे मिटून घेते आणि म्हणते, "अगं, चादर दे गं." चादर परत पांघरेपर्यंत गेम पुढे सरकतच नाही.

"बोलतोय आम्ही, आई!" थोरलीने आत आवाज दिला आणि स्क्रीनकडे वळून म्हणाली, "बघू तो फोटो."

त्याने पाठवला. थोरलीने तो मोठा करून बघितला. बराच वेळ बघितला. पलंगावर म्हातारी. पायापासून गळ्यापर्यंत उघडी. चादर खाली जमिनीवर बोळा होऊन पडलेली. म्हातारीचे डोळे घट्ट मिटलेले.

"ही चादर कोणी काढली?" थोरलीने विचारलं.

"म्हणजे?"

"आमच्या गेममध्ये ती आपोआप निघत नाही. तुम्ही ओढलीत ना?"

"निघते का ते बघणं माझं कामच आहे."

"बघितलंत. निघाली. मग ती 'चादर दे' म्हणाली, तेव्हा?"

तपासनिसाने चहाचा मग खाली ठेवला. "आम्ही आवाज बंद ठेवून तपासतो. दिवसाला किती गेम येतात, तुम्हाला कल्पना नाही. सगळं ऐकत बसलो तर झालंच."

"बरं, ऐकू नाही आलं. पण डोळे मिटलेले दिसले ना?"

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, सोपा उपाय सांगू का? चादर निघणारच नाही असं करून टाका. मी आजच पास करतो."

"न निघणारी चादर सांभाळायला माणूस कशाला हवा?" थोरलीचा आवाज चढला. "मी रोज शिकाऊ पोरींना हेच शिकवते. चादर तुमच्या हातात आहे, तेव्हाच कळतं तुम्ही कोण आहात. तुम्ही ती ओढलीत, फोटो काढलात, चार साहेबांना पाठवलात. आणि अश्लील आम्ही?"

"निर्णय कायम आहे, मॅडम. माझ्या हातात काही नाही."

"फोटो काढल्यावर परत पांघरलीत का तिला? तेवढंच सांगा."

"फोटो मिळाला की आम्ही गेम बंद करतो," तो म्हणाला. त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

धाकटीने लॅपटॉप धाडकन मिटला. थोरली उठून आत गेली. भर दुपार होती आणि पंखा कुरकुरत होता. आईने चादर पायांनी ढकलून पार खाली सारली होती आणि गाऊन गुडघ्यापर्यंत वर आला होता. थोरलीने गाऊन खाली केला, चादर उचलली आणि तिच्या गळ्यापर्यंत ओढून दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचली.

"अगं, उकडतंय मला!" आई म्हणाली. "काढ ती. इथे कोण बघतंय?"