मंजूर आवरण

नरडाण्याच्या कारखान्यात समाधान इंजिनिअर धातूच्या पट्ट्या गोंदाने जोडायचा. भट्टीत पक्के झालेले सांधे बाहेर काढले की तासाभरात तडकायचे. सांध्यातला ताण जात नव्हता. समाधानची नोकरी मात्र जायच्या बेतात होती, कारण सोमवारी पुण्याचं गिऱ्हाईक तपासणीला येणार होतं.

“भट्टीमाईन काढं नि लगेच कूलरपुढे? तडकी जाई नही तं काय, भाऊ,” झाडू थांबवून झुंबरबाई म्हणाल्या. मग जेवणाच्या सुट्टीत अंगाखाली घ्यायची आपली जुनी गोधडी त्यांनी पट्ट्यांवर टाकली. पट्ट्या सावकाश निवल्या. एकही तडकली नाही.

समाधानने अहवालात गोधडीचं बारसं केलं, ‘बहुस्तरीय उष्णतारोधक आवरण’. शिवाय रुबाब यावा म्हणून खाली जोडलं, ‘हे आवरण परवानगीशिवाय बदलल्यास माल नापास समजावा.’ गिऱ्हाइकाने खूश होऊन सही ठोकली.

पुढच्याच आठवड्यात काम ठप्प झालं.



झुंबरबाईंची लेक पाचोऱ्याला बाळंत झाली होती, आणि मंजूर आवरणात आता नातू झोपला होता.