कागदी पिशवी

परदेशात न्यायवैद्यक रसायनशास्त्र शिकणाऱ्या लेकीला व्हिसाच्या घोळात बाबांचं शेवटचं दर्शनही मिळालं नाही.

"बाबांच्या अंगात शेवटी होता तो शर्ट मला पाठव," तिने आईला फोनवर सांगितलं. "प्लास्टिकमध्ये नको, कागदी पिशवीत घाल. तोंड घट्ट चिकटव."

प्रयोगशाळेत पुराव्याचे कपडे असेच ठेवतात, म्हणजे त्यावरचा माणसाचा मागमूस टिकतो.

पार्सल आलं. कागदी पिशवी, तोंड घट्ट चिकटवलेलं. खोलीचं दार लावून तिने पिशवी फाडली आणि शर्टात तोंड खुपसलं. तेवढ्यात आईचा फोन आला.

 

"मिळाला ना गं? फार घामट झाला होता, तसाच कसा पाठवणार? दोनदा धुतला, कडक इस्त्री केली, मगच पिशवीत घातला."