रंगाचा हात

उद्या धाकट्या जावेची शरीरसौष्ठवाची पहिली 'फिगर' स्पर्धा होती. वैजयंता स्पंजने तिच्या पाठीवर तपकिरी रंगाचा हात फिरवत होती.

"पाठ मला दिसत नाही ताई, ती तुमच्यावर सोडली," केतकी म्हणाली. "रंग गडद असला की स्टेजवर स्नायू उठून दिसतात."

सासूबाई दारातून कौतुकाने बघत होत्या. "काळी झाल्यावर काय झक्क दिसते गं ही!"

वैजयंताचा हात थांबला. तिच्या लग्नात याच बाईंनी 'सून काळी' म्हणून नाक मुरडलं होतं. जळफळत तिने खांद्यांमधली जागा तशीच सोडली. परीक्षकांची नजर नेमकी तिथेच अडली असती.

"लागला का सगळीकडे?"

'लागला' म्हणायला तिने तोंड उघडलं, पण त्याहून गोड काहीतरी सुचलं.

"थांब," सासूबाईंना ऐकू जाईलसं ती म्हणाली, "मध्येच गोरी राहिलीस. वाईट दिसतं ते."