पुढचा ब्रेक कुठल्या हाताला

"हे नका घेऊ, काका." सायकलच्या दुकानातल्या मेकॅनिकने ब्रेकचं पहिलं खोकं परत फळीवर सरकवलं. "दोन पिस्टनचे आहेत. गावात फिरायला ठीक. डोंगर उतरताना तेल तापतं, लिव्हर मऊ पडतो, आणि मग देवाचं नाव घ्यायचं."

"मग चार पिस्टनचे दाखवा," काका म्हणाले.

काका म्हणजे निवृत्त लिफ्ट तपासनीस. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या इमारतींतले लिफ्टचे ब्रेक तपासले. स्वतः हात लावल्याशिवाय 'तपासले' असा शेरा कधी मारला नाही, मग मालक कितीही नाक मुरडो. घरी कुणी गॅस बंद केलाय म्हणालं, तर 'बरं' म्हणत आणि उठून बघून येत. बायको होती तोवर यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करायची.

असा माणूस ब्रेक निवडायला आल्यावर मेकॅनिकची दुपार गेलीच. चकती केवढी घ्यायची? पॅड कशाचे? तापल्यावर काय होतं? मेकॅनिकने शेवटी एक जुनी चकती त्यांच्या हातात ठेवली. तापून तापून ती निळी पडली होती.

"जावयासाठी एवढं?" तो हसला. "मला असा सासरा मिळाला असता तर मीपण शर्यतीत उतरलो असतो."

काकांना बरं वाटलं. कल्पना मात्र मुलीची होती. जावयाला डोंगर उतरण्याच्या शर्यतींचा भारी नाद. तो आठवडाभर बाहेरगावी होता, रविवारी सकाळी येऊन लगेच शर्यतीला निघणार होता. तेवढ्यात त्याच्या सायकलला नवे ब्रेक बसवून त्याला चकित करायचं. जुने तिने आधीच काढून ठेवले होते. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, बाथरूममध्ये घसरली म्हणे.

"एका हाताने कसे काढलेस?" काकांनी विचारलं होतं.

"दोन दिवस लागले," ती म्हणाली होती.

लहानपणी कठड्यावरून धावणारी ही पोर लग्नानंतर कशी काय अशी धांदरट झाली, हे काकांना कळत नसे. गेल्या वर्षी तिची बोटं दारात सापडली होती. त्याआधी कपाटाची कड लागली होती. जावई मात्र बिचारा दर वेळी स्वतः दवाखान्यात घेऊन जायचा.

"पुढचा ब्रेक कुठल्या हाताला?" मेकॅनिकने विचारलं.

काकांनी मुलीची चिठ्ठी काढली. डाव्या हाताने लिहिलेली, अक्षरं शाळकरी. चांगल्यातले चांगले घ्या. एका बोटाने चाक थांबलं पाहिजे. पुढचा ब्रेक उजव्या हाताला. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या.

"उजव्या. पण एवढं काय त्यात?"

"हाताची सवय असते, काका. हे ब्रेक असे जबरदस्त, की पुढचा करकचून दाबला तर सायकल थांबते, माणूस थांबत नाही. एकाला मी न विचारता उलटे बसवून दिले होते. अंगणात फिरवून बघितली, हसला, म्हणाला होईल सवय. तिसऱ्या वळणावर घाबरला, आणि हात जुन्या सवयीने गेला."

"मग?"

मेकॅनिक पाना पुसू लागला. "तेव्हापासून विचारतो," तो म्हणाला. मग त्याने दोन काळ्या नळ्या उचलून दाखवल्या. "ही आखूड पुढच्या चाकाची, ही लांब मागच्या. उजव्या लिव्हरला आखूड जोडतो."

काकांनी एकेक स्क्रू ओढून पाहिला. दोन्ही लिव्हर दहा-दहा वेळा दाबले. मगच सायकल ताब्यात घेतली.

रविवारी सकाळी त्यांनी ती मुलीच्या अंगणात उभी केली. जावई आत बूट चढवत होता. फाटकाशी गाडीवाला हॉर्न मारत होता. काका पंप ठेवायला कोठीत गेले, तर कोपऱ्यात खोक्यात जुने ब्रेक दिसले. हात शिवशिवलेच. त्यांनी आखूड नळी बोटांनी चाचपत टोकापर्यंत नेली.

टोकाला डाव्या हाताचा लिव्हर होता.

त्यांनी पुन्हा पाहिलं. आखूड, डावा. लांब, उजवा. वळून ते हाक मारणार, तर मुलगी दारातच उभी होती.

"अगं, चिठ्ठीत तू घोटाळा केलास. त्याला सांगायला हवं, लगेच..."

ती आत आली आणि डाव्या हाताने तिने खोक्याचं झाकण नीट लावलं. एवढ्या उकाड्यात तिने गळ्यापर्यंत बंद सदरा घातला होता. काका त्या गळ्याकडे बघत राहिले.

"बाबा, अहो काय ब्रेक आणलेत!" अंगणातून जावयाचा आवाज आला. ते दोघं बाहेर आले. तो उभ्या उभ्या लिव्हर दाबत होता, खुशीत होता. त्याने मुलीला प्लास्टरच्या हाताला धरून जवळ ओढलं. तिने ओठ चावला.

"हिला मात्र ब्रेक नाहीत," तो हसत म्हणाला. "हजारदा सांगितलं, जिना उतरताना बघून उतर. पडली शेवटी."

"जिना?" काका म्हणाले.

"हो ना, वरच्या पायरीवरून."

मुलगी जमिनीकडे बघत होती. गाडीवाल्याने पुन्हा हॉर्न मारला. जावयाने तिचा हात सोडला, सायकल उचलून गाडीवर चढवली आणि पट्टा आवळला.

"बाबा, तुमचं काम म्हणजे चोख," तो खिडकीतून म्हणाला. "आता मला बघायला वेळ नाही. सगळं तपासलंत ना?"

काकांनी एकदा मुलीकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "तपासलं."